आधी ‘वाचतासा कसं?’ विचारणारा बाइंडर

बेळगावात पुस्तकं बांधून देणारे बरेच आहेत. पण त्यांचा रोजचा धंदा म्हणजे हिशेबाच्या चोपड्या, पावतीपुस्तकं, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि कचेऱ्यांची दप्तरं. त्या कामात बांधणी सुटली नाही की झालं. खतावणी टेबलावर पसरलेली असते, दोन्ही हात ठेवून तिच्यात लिहायचं असतं, ती घट्ट असली तरी कुणाचं अडत नाही. कादंबरीचं तसं नसतं. ती पलंगावर, झोपाळ्यावर, बसमध्ये, एका हातात धरून वाचली जाते आणि वीस वर्षांत चारपाच जणांच्या हाताखालून जाते. चोपडीच्या पद्धतीनं बांधलेली कादंबरी मजबूत होते, पण वाचायची राहत नाही. घराघरांतल्या कपाटांत अशी लाल रेक्झिनची पुस्तकं पडून आहेत. उघडायला गेलं की ती मिटतात.

बेळगावातल्याच शहापूर भागातल्या एका बोळातलं हे दुकान त्याला अपवाद आहे. एकच खोली, दारापाशी कटिंगचं यंत्र, भिंतीला लोखंडी स्क्रूचे दोन प्रेस, मागे शिवणाची लाकडी चौकट. पुस्तक हातात घेतल्यावर मालक पहिल्यांदा किती पानं आहेत ते बघत नाही. तो विचारतो, “हे पडून वाचतासा की बसून? परत परत वाचतासा की नुसतं जपायचं हाय?” या दोन प्रश्नांच्या उत्तरावर पुढचं सगळं काम ठरतं, आणि या दुकानाचं खरं मोल तेवढ्यातच आहे.

पडून वाचणाऱ्याचा अंगठा दोन पानांच्या मधल्या खोबणीत असतो आणि पुस्तकाचं सगळं वजन त्या एका अंगठ्यावर येतं. अशा पुस्तकाला मऊ पाठ लागते, पुठ्ठा जाड चालत नाही. टेबलावर ठेवून, पेन्सिल घेऊन वाचणाऱ्याला पुस्तक पानावर हात न ठेवता उघडं राहायला हवं, समास पूर्ण हवा. निपाणी-बेळगाव रोज एसटीनं ये-जा करत वाचणाऱ्याचं पुस्तक पिशवीत घासून आधी कोपऱ्यांनी मरतं, त्याला अख्खं कापड आणि किंचित गोल केलेले कोपरे बरे. एकाच पुस्तकाच्या या तीन वेगळ्या बांधण्या होतात. हे समजून काम करणारा माणूस विरळा.

काम देण्याआधी आपलं पुस्तक कसं जोडलंय ते स्वतः बघून घ्यावं. पुस्तक मिटून वरच्या कडेला पाठीजवळ नीट पाहिलं की कळतं. लहान लहान घड्या एकापुढे एक दिसल्या तर ते फर्म्यांचं पुस्तक आहे. फर्मा म्हणजे घडी घातलेला मोठा कागद, बहुधा सोळा पानांचा. घडीच्या मधून दोरा ओवून एक फर्मा दुसऱ्याला बांधतात, ती जुजबंदी. जुनी पुठ्ठाबांधणीची मराठी पुस्तकं बहुतेक अशीच असतात. त्यांची पाठ सुटली, पुठ्ठा निखळला तरी आतला दोरा बऱ्याचदा शाबूत असतो, म्हणून ती पुन्हा बांधायला सगळ्यात सोपी. घड्या न दिसता नुसती पानांची सपाट गड्डी दिसली तर पानं सुटी आहेत आणि गरम गोंदानं चिकटवलेली आहेत. हल्लीची बहुतेक पेपरबॅक अशी असतात. हा गोंद वर्षांनुवर्षं वाळत जातो, कडक होतो आणि एक दिवस पुस्तक जोरात उघडलं की मधोमध तडकतो. मग पानं गठ्ठ्यानं हातात येतात.

सुट्या पानांच्या पुस्तकाला बहुतेक दुकानांत एकच उपाय माहीत असतो: पाठीपासून पाव इंचावर टोच्यानं आरपार भोकं पाडायची आणि आडवी शिवण घालायची. हे पुस्तक फुटत नाही, खरं आहे. पण आतला समास जेमतेम दीड सेंटीमीटर असतो, त्यातला जवळजवळ अर्धा शिवणीत जातो. डावीकडच्या पानावर ओळीचा शेवट आणि उजवीकडच्या पानावर ओळीची सुरुवात खोबणीत बुडते. वाचणारा मग पुस्तक ताणून उघडतो, आणि शिवणीच्या रेषेवर कागद मुडपून मुडपून तिथंच फाटतो. दुरुस्ती होती त्यापेक्षा वाईट झाली.

या दुकानात अशा पुस्तकाची पाठ आधी जेमतेम एक मिलिमीटर घासून जुना गोंद काढतात. गड्डी प्रेसमध्ये धरून पानं पंख्यासारखी एका बाजूला झुकवतात, पांढरा फेव्हिकॉल ब्रशनं लावतात, मग दुसऱ्या बाजूला झुकवून परत लावतात. त्यामुळं प्रत्येक पानाच्या कडेला दोन्हीकडून केसाएवढा गोंद लागतो. वाळल्यावर पाठीवर करवतीनं आडव्या बारीक खाचा पाडून त्यांत गोंदात भिजवलेला दोरा बसवतात आणि वर जाळीचं कापड. पांढरा गोंद वाळला तरी लवचिक राहतो, म्हणून पुस्तक मधोमध सपाट उघडतं. ही पद्धत साडेतीनशे पानांपर्यंत उत्तम. त्यापुढच्या जाडीला ती थोडी कमजोर पडते, आणि मालक तसं आधीच सांगतो.

जाड पुस्तकांचा प्रश्न या भागात नेहमीचाच. रणजित देसाई बेळगावजवळच्या कोवाडचे, त्यामुळं ‘श्रीमान योगी’ इथं घराघरात. हजाराहून जास्त पानांचं हे पुस्तक छातीवर ठेवून वाचणाऱ्यांची पिढीच्या पिढी गेली. त्याच्या बहुतेक प्रती एकाच ठिकाणी मोडतात, साधारण मध्याला, कारण सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो. त्यावर या दुकानाचा सल्ला असा की पडून वाचायचं असेल तर दोन खंड करा. खंड पाडायची जागा फर्म्याच्या कडेलाच यावी लागते. प्रकरण फर्म्याच्या मध्यावर संपत असेल तर ते तोडत नाहीत, अलीकडच्या किंवा पलीकडच्या फर्म्यावर पाडतात आणि पहिल्या खंडाच्या शेवटी अस्तराचे दोन कोरे कागद घालतात. ज्यांना एकच ग्रंथ हवा असेल त्यांच्यासाठी तीन फितींवर जुजबंदी, पाठ किंचित गोल, आणि पुठ्ठा दोन मिलिमीटरचा. दोऱ्याला मेण लावलेलं असतं. घट्ट ओढल्यावर तो घसरत नाही आणि कागदही कापत नाही. काम झाल्यावर पाचशेव्या पानाच्या आसपास उघडून टेबलावर ठेवा. पुस्तक स्वतःहून मिटलं नाही तर काम बरोबर.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या चार पुस्तकांचे संचही इथं दुरुस्तीला येतात, आणि ते साहजिक आहे. ‘वनवास’, ‘पंखा’, ‘झुंबर’ आणि ‘शारदा संगीत’ या चारही पुस्तकांतलं कन्नड मिसळलेलं बोलणं या गावाच्या कानाला घरचंच लागतं, लोक ती वर्षातून एकदा तरी काढतात. पुन्हा पुन्हा वाचली जाणारी पुस्तकं वेगळ्या तऱ्हेनं झिजतात. ठरावीक गोष्टीपाशी पाठ मोडते, त्या पानांचे खालचे कोपरे अंगठ्यानं मऊ आणि काळपट होतात. अशा कोपऱ्यांवर काहीही चिकटवू नका. सेलोटेप तर मुळीच नको. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात मुरतो, आणि फिल्म गळून पडली तरी डाग राहतो. फाटलेल्या कोपऱ्याला पातळ टिश्यू कागद आणि खळ, एवढंच पुरे. या दुकानात ते फार हलक्या हातानं करतात. कागदाची पट्टी कात्रीनं कापत नाहीत, पाण्याची रेघ ओढून हातानं फाडतात, त्यामुळं तिची कड तंतुमय राहते आणि पानावर पायरी उमटत नाही.

इथं एक तक्रार. संच दिला की चारही पुस्तकं एका उंचीची करून द्यायची यांची खोड आहे. कपाटात सुरेख दिसतात, पण त्यासाठी कटिंग यंत्राखाली वरून, खालून आणि पुढून दोनतीन मिलिमीटर जातात. समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी असतील तर त्यांचं शेवटचं अक्षर जातं, आणि ते परत मिळत नाही. शिवाय प्रत्येक बांधणीला थोडं थोडं कापत गेलं की तिसऱ्या खेपेला मजकुराभोवती पांढरं उरतच नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिठ्ठी लावावी: ‘कटिंग नको.’ तोंडी सांगून भागत नाही, कारण कटिंग करणारा पोऱ्या वेगळा आहे.

कवितांच्या पुस्तकांबाबत मात्र या दुकानाशी वाद घालावा लागतो. इंदिरा संत याच गावच्या, त्यांचे संग्रह इथल्या वाचकांकडे जुन्या आवृत्त्यांत आहेत. ती पुस्तकं अंगानं बारीक, काही तर पाचसहा फर्म्यांची. त्यांना जाड पुठ्ठा घातला की पुठ्ठ्याचं वजन पानांपेक्षा जास्त होतं आणि पुस्तक उघडं राहतच नाही. अशा संग्रहाला नुसती नवी जुजबंदी, मूळ मुखपृष्ठ परत चिकटवलेलं, आणि ठेवायला वेगळी पुठ्ठ्याची खोळ, हेच योग्य. मालक पुठ्ठाबांधणीचा आग्रह धरतो, कारण त्याच्या मते नुसत्या शिवणीचे पैसे मागणं बरं दिसत नाही. पण सांगितलं तर तो करून देतो, आणि खोळ फार नेटकी करतो.

मुखपृष्ठांचंही तसंच. दीनानाथ दलालांसारख्यांची चित्रं असलेली मुखपृष्ठं काढून टाकून वर कोरं रेक्झिन चढवणं म्हणजे पुस्तकाचा चेहराच काढून घेणं. ‘मूळ कव्हर आत घ्या’ असं सांगितलं की इथं पुढचं आणि मागचं दोन्ही मुखपृष्ठं अस्तरानंतर पानासारखी बांधून देतात. जीर्ण असतील तर मागून टिश्यू लावतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

दिवाळी अंक बांधायचे तर आधी घरीच पिना काढा. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हे गठ्ठे साठत आलेत, आणि आपल्याकडच्या पावसात त्यांचा पहिला शत्रू म्हणजे लोखंडी पीन. ती गंजते, गंज कागदात उतरतो, आणि पानं पिनेभोवती गोल झडतात. पक्कडीनं पीन ओढू नये. मागची दोन टोकं बोथट सुरीनं सरळ करून पुढून उचलावी. एका खंडात पाच-सहा अंक पुरेत, त्यापेक्षा जास्त घातले तर आतले लेख खोबणीत जातात. ‘आवाज’सारख्या खिडकीचित्रांच्या अंकांत कापलेली झडप प्रेसखाली दुमडून बसण्याचा धोका असतो, म्हणून त्या पानांत कोरा कागद घालायला सांगा. गुळगुळीत कागदाच्या जाहिराती ओलीनं एकमेकींना चिकटतात, त्यांच्यामध्येही तेच करा. अनुक्रमणिका सगळ्यांच्या सुरुवातीला एकत्र लावून मिळतात, ही सोय खरोखर कामाची आहे.

पोथी मात्र इथं नेऊ नये, आणि नेली तरी मालक हात लावत नाही. सुट्या आडव्या पानांची पोथी शिवायची नसतेच. वरखाली दोन लाकडी फळ्या, सुती रुमाल आणि आत वेखंडाचा तुकडा, एवढं पुरेसं.

खळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात अर्धी पुस्तकं खळीमुळंच मरतात. मैद्याची खळ कागदाला चांगली असते. ती पाण्यानं पुन्हा सुटते, त्यामुळं पन्नास वर्षांनी दुसऱ्या बाइंडरला काम करता येतं. पण मैदा म्हणजे कसरीचं खाणं. जून ते सप्टेंबर कौलारू घरांच्या भिंतींना ओल असते, तेव्हा कसर आधी पाठीतली खळ खाते, मग अस्तर, मग पान. म्हणून खळ शिजवताना मोरचूद घालतात. इथंही घालतात, आणि खळ रोज ताजी करतात, उरलेली फेकतात. आंबलेली खळ वासावरून ओळखू येते. बांधून आणलेल्या पुस्तकाला आंबूस वास असेल तर ते पुस्तक परत करावं. मोरचूद विषारी आहे, त्यामुळं पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असणाऱ्यांनी ती सोडावी. तशीही ती कोपऱ्यांचा नाशच करते.

बांधल्यावर पुस्तक प्रेसमध्ये किती वेळ राहिलं यावर पुठ्ठ्याचं भवितव्य ठरतं. कापड किंवा कागद ओल्या खळीनं पुठ्ठ्यावर बसतं आणि वाळताना आकसतं. बाहेरून आकसलं की पुठ्ठा बाहेर वाकतो. आतून अस्तर चिकटवतात ते त्याला उलट ओढायला. दोन्ही बाजू दाबाखाली सारख्या वाळल्या तरच पुठ्ठा सरळ राहतो. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात तीन दिवसही कमी पडतात. घाई करून ओलं पुस्तक आणलं तर आठवड्यात पुठ्ठे पंखासारखे उघडतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. दुसरं कारण कागदाच्या धाग्याचं. पुठ्ठा आणि अस्तर यांचा धागा पाठीला समांतर हवा. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला की कळतं, सहज वाकताना वळणाची रेघ ज्या दिशेला जाते तीच धाग्याची दिशा. इथं हे न सांगता पाळतात. अस्तराचा कागद वाया जातो म्हणून बरेच जण पाळत नाहीत.

काम द्यायचं तर दिवाळी झाल्यापासून संक्रांतीपर्यंत. हवा कोरडी असते, दसरा-पाडव्याच्या चोपड्यांची गर्दी संपलेली असते, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांची सुरू झालेली नसते. या दिवसांत बारा ते पंधरा दिवसांत पुस्तक मिळतं. पावसाळ्यात दिलं तर महिना धरून चाला. डेमी आकाराच्या तीनशे पानांना जुजबंदी आणि कापडी पाठीचे 280 रुपये, अख्ख्या कापडाचे 350, हजार पानांच्या ग्रंथाचे 600, सहा दिवाळी अंकांच्या खंडाचे 450. स्वस्त नाही. आडव्या शिवणीचं काम गावात याच्या निम्म्यात होतं. पण कापड इथलंच जाड सुती असतं, मांजरपाटाला खळ देऊन केलेलं, आणि ते रेक्झिनसारखं चारपाच वर्षांत सांध्यावर तडकत नाही. रेक्झिन हवंच असेल तर तेही मिळतं, फक्त लाल आणि काळं. दोन्ही न घेतलेली बरी.

या दुकानाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते नाही म्हणतात. पुस्तक आलं की मालक शेवटच्या पानाचा अगदी खालचा कोपरा पुढं-मागं पुन्हा पुन्हा दुमडून बघतो. कोपरा चारपाच घड्या सोसतो तर ठीक. दुसऱ्या घडीलाच तुटून हातात आला तर पुस्तक शिवत नाही. स्वस्त, तपकिरी पडलेल्या कागदात आम्ल असतं, तो आतूनच ठिसूळ झालेला असतो. दोरा अशा कागदाला धरून ठेवत नाही, कापतो. अशा पुस्तकासाठी तो मापाची पेटी करून देतो आणि सांगतो, “हे आता उघडून बगायचं, वाचायचं न्हवं.” ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातली रहस्यकथांची पुस्तकं किंवा मासिकांचे अंक आहेत त्यांनी हे आधी घरी करून पाहावं, हेलपाटा वाचेल.

बांधून आणलेलं पुस्तक नीट उघडायचं कसं, हेही तो दाखवतो, आणि हे नव्या पुस्तकालाही लागू आहे. पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मधली पानं उभी धरा. मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं, असं दोन्हीकडून आळीपाळीनं दाबत मध्यापर्यंत या. पाठ सगळीकडून सारखी सैल होते आणि एका जागी मोडत नाही. कपाटातून काढताना वरच्या टोकात बोट अडकवून ओढू नये, पाठीचं वरचं कापड तिथंच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलावी आणि मधल्या पुस्तकाला पोटाशी धरावं. पालथं ठेवू नये, जाड पेन खूण म्हणून आत ठेवू नये. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावं, आणि प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात तरी काढावं, कारण आत अडकलेली ओल बाहेर जायला वाट मिळत नाही आणि कापडावर बुरशीचे ठिपके येतात.

सोनेरी नावाचं काम हा या दुकानाचा कच्चा दुवा. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुने आहेत, काही जोडाक्षरं नाहीत. मग ‘श्र’ऐवजी ‘श’खाली काहीतरी जोडून ठसा उठवतात आणि तो वेडावाकडा येतो. इथल्या वाचकांकडे एकाच कादंबरीची दोन रूपं असतात, भैरप्पांचं ‘पर्व’ कन्नडमध्ये आणि उमा कुलकर्णींच्या अनुवादात मराठीत. ती जोडी सारखी बांधून घ्यायची असेल तर कन्नड खिळे एकाच मापाचे आहेत हे लक्षात ठेवा. मराठी नाव त्या मापाला आणायला सांगा, उलटं नको. पाठ दीड सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर नाव उभं येतं, ते वरून खाली हवं की खालून वर हे ठरवून द्या, नाहीतर एकाच कपाटात दोन दिशांना माना वाकवाव्या लागतात. नाव, लेखक आणि खंडाचा आकडा स्वच्छ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि सोनेरी लावण्याआधी नुसत्या कागदावर उठवलेला ठसा दाखवायला सांगा. एकदा तापलेला खिळा कापडावर टेकला की ते अक्षर निघत नाही.